गो पुन्हा खेळायचाय? सांगली-मिरजेतल्या खेळाडूंसाठी पहिल्यापासून वाट

गो, म्हणजे रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून जास्त जागा वेढायचा खेळ, एकदा शिकून सोडून दिलेली माणसं आपल्याकडे अधूनमधून भेटतात. कुणी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर रूममेटकडून शिकलेलं असतं, कुणी कंपनीच्या कामासाठी जपानला गेलेलं असताना. काही जणांना २०१६ च्या मार्च महिन्यानं ओढलं. सोलमध्ये अल्फागो या संगणक प्रोग्रॅमनं कोरियाचा व्यावसायिक गो खेळाडू ली सेडॉल याला ४-१ असं हरवलं, त्या बातम्या वाचून त्यांनी मोबाइलवर थोडे दिवस खेळून पाहिलं. मग नोकरी, लग्न, बदली यात ते राहून गेलं. आता पुन्हा खेळावंसं वाटतंय, पण कुठून धरावं ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. ज्यांनी गो कधीच पाहिलेला नाही, त्यांनाही याच वाटेनं जाता येईल.

परत येणाऱ्याची अडचण नवख्यापेक्षा वेगळी असते. त्याला शब्द आठवत असतात: आतारी, जोसेकी, सेन्ते. पटावर सुरुवातीला कुठे खेळतात याचं एक धूसर चित्रही डोक्यात असतं. गेलेली असते ती नजर. आपले कोणते गट एकमेकांना जोडलेले आहेत, कोणते तोडता येतील आणि कोणाला किती श्वास, म्हणजे लागून असलेले रिकामे बिंदू, उरलेत, हे पटाकडे पाहताक्षणी दिसायला हवं. ते दिसत नसताना आठवलेल्या सुरुवाती खेळत बसलं, की तिसाव्या खेळीपर्यंत सगळं छान चालतं आणि पुढच्या दहा खेळ्यांत एक आख्खा गट जातो. म्हणून माझा आग्रह असा की आठवतंय ते सगळं काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी नजर परत आणा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पट आणि सोंगट्या

मोबाइलवर खेळता येत असलं तरी हाताशी खरा पट हवाच. सोंगटी स्वतः उचलून ठेवताना माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणातच चूक लक्षात येते.

सांगलीत गोचा पट विकणारं दुकान शोधत बसू नका, इथलं फ्लेक्स छापणारं कुठलंही दुकान तुम्हाला पट करून देईल. मापं एवढी सांगा: उभ्या १९ रेघा, आडव्या १९ रेघा. डावीकडून उजवीकडे दोन रेघांमधलं अंतर २२ मिलिमीटर, खेळाडूपासून समोरच्याकडे जाताना अंतर २३.७ मिलिमीटर. जपानी पट असाच किंचित लांबट असतो, कारण आपण तो समोरून तिरका पाहतो आणि तिरक्या नजरेला चौरस पट आखूड दिसतो. चारही बाजूंना थोडी जागा सोडली की पट साधारण ४२.४ बाय ४५.५ सेंटिमीटरचा होतो. रंग फिकट लाकडी घ्या आणि छपाई मॅट फिनिशची मागा. चकाकत्या फ्लेक्सवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की अर्धा पट दिसेनासा होतो. छापून आणलेला फ्लेक्स सुताराकडच्या उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर चिकटवून टाका, नाहीतर तो गुंडाळी होऊन राहतो. त्याच प्लायच्या मागच्या बाजूला ९ रेघांचा छोटा पट पेननं आखून घ्या. पहिले काही आठवडे तोच जास्त लागणार आहे.

सोंगट्यांसाठी शिवणकामाचं सामान विकणाऱ्या दुकानातली कोटाची काळी-पांढरी बटणं चालतात, किंवा मत्स्यपेटीत घालतात ते चपटे काचेचे खडे. साधारण २२ मिलिमीटर रुंदीचे बघा. पूर्ण संचात १८१ काळ्या आणि १८० पांढऱ्या सोंगट्या असतात, म्हणजे पटावरच्या ३६१ बिंदूंइतक्या. पण एका डावाला प्रत्येकी दीडशे पुरतात, आणि छोट्या पटाला चाळीस-चाळीस. चांगल्या जपानी संचातल्या काळ्या सोंगट्या पांढऱ्यांपेक्षा जराशा मोठ्या केलेल्या असतात. सारख्याच आकाराच्या ठेवल्या तर डोळ्याला काळी लहान भासते. बटणं घेताना याची फिकीर नको, मला आवडतं म्हणून सांगितलं.

नियम, लागतात तेवढेच

सोंगटी चौकोनात ठेवायची नसते, रेघा छेदतात त्या बिंदूवर ठेवायची. काळ्याची पहिली खेळी, मग आळीपाळीनं. एकदा ठेवलेली सोंगटी सरकत नाही. तिला रेघेनं चिकटून असलेला प्रत्येक रिकामा बिंदू म्हणजे तिचा एक श्वास. मध्यावर चार, कडेला तीन, कोपऱ्यात दोन. एकाच रंगाच्या, रेघेनं लागून असलेल्या सोंगट्या मिळून एक गट होतो आणि त्यांचे श्वास एकत्र मोजायचे. तिरप्या सोंगट्या जोडलेल्या धरत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. शेवटचा श्वास बंद झाला की आख्खा गट पटावरून उचलायचा. एकच श्वास उरला तर तो गट आतारीत आहे.

समोरच्याला एक सोंगटी मारू देऊन लगेच त्याची एक मारायची आणि पुन्हा पहिलीच स्थिती आणायची, असं अखंड चालू शकतं. त्याला ‘को’ म्हणतात. तिथं लगेच उलट मारता येत नाही, मध्ये एक खेळी दुसरीकडे करावी लागते.

ज्या गटाच्या पोटात दोन वेगळे डोळे आहेत, म्हणजे दोन स्वतंत्र रिकाम्या जागा आहेत, तो मरत नाही. समोरच्याला एका वेळी एकच सोंगटी ठेवता येते, दोन्ही डोळे एकदम बुजवता येत नाहीत.

डाव संपल्यावर मोजायची पद्धत सुरुवातीला चिनी ठेवा: पटावरच्या आपल्या जिवंत सोंगट्या अधिक आपण वेढलेले रिकामे बिंदू. जपानी पद्धतीत फक्त मुलूख, म्हणजे वेढलेले रिकामे बिंदू, आणि मारलेल्या सोंगट्या धरतात, आणि स्वतःच्या मुलुखात उगाच टाकलेली सोंगटी एक गुण घालवते. त्यामुळे ‘हा गट मेला की जिवंत’ असा वाद झाला तर नवख्याला पुढे खेळून दाखवायची भीती वाटते. चिनी मोजणीत पुढे खेळून पाहिल्यानं काही जात नाही. वाद झाला तर खेळा, पटच निकाल देईल. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला काही गुण वरून मिळतात, त्याला कोमी म्हणतात. मोठ्या पटावर जपानमध्ये ६.५ आणि चीनमध्ये ७.५. तो अर्धा गुण बरोबरी होऊ नये म्हणून.

आधी छोटा पट

आता मोठा पट उलटा करा आणि ९ बाय ९ वर खेळा. जुन्या खेळाडूंना हे कमीपणाचं वाटतं आणि ते थेट १९ वर बसतात. त्यांनी थोडे दिवस माझं ऐकावं. छोट्या पटावर ८१ बिंदू असतात. पहिल्या पाच-सहा खेळ्यांतच दोघांच्या सोंगट्या भिडतात आणि डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो. म्हणजे एका संध्याकाळी तुम्ही अनेकदा तोडता, जोडता, मारता आणि मरता. १९ च्या पटावर तेवढ्याच वेळात एक डावही पुरा होत नाही आणि कुठे बिघडलं तेही कळत नाही.

गो खेळणाऱ्यांत जुनं सांगणं आहे की पहिले शंभर डाव लवकरात लवकर हरून टाका. ते अगदी बरोबर आहे. फक्त त्यात माझी एक भर: प्रत्येक खेळीआधी समोरच्यानं आत्ता ठेवलेल्या सोंगटीकडे बघा आणि तिनं तुमच्या कोणत्या गटाचा श्वास घेतला तेवढं मनात म्हणा. मग आपली सोंगटी उचला. सुरुवातीला याचा कंटाळा येतो. नंतर हे आपोआप होतं, आणि तीच परत आलेली नजर.

एक जागा हातानं मांडून बघा

पुढचं नुसतं वाचू नका, पट समोर घ्या. बिंदू असे सांगतो: आधी डावीकडून कितवी उभी रेघ, मग खालून कितवी आडवी रेघ. ९ च्या पटावर काळ्या सोंगट्या ३-४, ३-५ आणि ४-३ वर ठेवा. पांढरी एक ४-४ वर. तिला दोन श्वास आहेत, ४-५ आणि ५-४.

काळ्यानं ५-४ वर खेळून आतारी दिली. पांढरा ४-५ वर पळाला. आता त्याला ४-६ आणि ५-५ असे दोन श्वास आहेत. काळा ४-६ वर, पांढरा ५-५ वर. काळा ६-५, पांढरा ५-६. काळा ५-७, पांढरा ६-६. काळा ७-६, पांढरा ६-७. काळा ६-८, पांढरा ७-७. काळा ८-७, पांढरा ७-८. काळा ७-९, पांढरा ८-८. काळा ९-८, पांढरा ८-९. आणि काळा ९-९ वर. पांढऱ्याची सगळी रांग उचलली जाते. पांढरा पळत राहिला आणि प्रत्येक पायरीला त्याचं नुकसान वाढत गेलं. ही शिडी, जपानीत शिचो.

आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं मांडा, पण यावेळी एक पांढरी सोंगटी आधीच ७-७ वर ठेवा. त्याच खेळ्या करा. पांढरा ६-७ वर आला की तो ७-७ ला जोडला जातो आणि त्याला एकदम तीन श्वास मिळतात. शिडी फसली. आणि काळ्याच्या सोंगट्या दोन्ही बाजूंनी सुट्या-सुट्या विखुरलेल्या राहिल्या, पांढरा आता एकेक तोडत जाईल. पटाच्या दुसऱ्या टोकाची एक सोंगटी इथला सगळा हिशोब फिरवते.

मग काळ्यानं काय करावं? पांढरी ७-७ वर राहू द्या आणि सुरुवातीच्या मांडणीत काळी आणखी एक ५-३ वर ठेवा. आता आतारी देऊ नका. काळ्यानं ५-५ वर, थोडं लांबून खेळायचं. पांढऱ्याला अजून दोन श्वास आहेत, तरी तो निसटत नाही: तो ५-४ वर गेला तर काळा ६-४, पांढरा ४-५, काळा ४-६ आणि संपलं. तो ४-५ वर गेला तर काळा ४-६, पांढरा ५-४, काळा ६-४. हे जाळं. शिडी लांबच्या सोंगटीवर अवलंबून असते, जाळं तिथल्या तिथं बंद होतं. दोन्ही शक्य असतील तर मी जाळंच टाकतो.

हे हातानं मांडून झालं की पुढची पायरी डोक्यातली. पटावर फक्त पहिल्या चार सोंगट्या ठेवा आणि पूर्ण शिडी शेवटपर्यंत मनात खेळून पाहा, सोंगटी न हलवता. पहिल्या दिवशी ६-६ च्या आसपास चित्र पुसट होईल. रोज एकदा करा. डावात शिडी सुरू करण्याआधी ती मनात शेवटपर्यंत गेली नाही, तर ती खेळू नका.

बुद्धिबळातून येणाऱ्यांसाठी

सांगलीत हा भाग लिहावाच लागतो. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळं या गावात घराघरात बुद्धिबळ पोचलं, आणि इथं गोला बसणारे बहुतेक जण चौसष्ट घरांवरून आलेले असतात. त्यांच्याकडे दोन मोठ्या गोष्टी आधीच असतात. एक, शांत बसून विचार करायची सवय. दुसरी, ‘मी असं केलं तर तो काय करेल’ हा प्रश्न. या दोन्ही इथं सोन्यासारख्या आहेत.

पण एक सवय सोडावी लागते. बुद्धिबळात शह दिला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळं शह दिसला की हात पुढे जातो. गोमध्ये आतारी दिसली की तसाच हात जातो आणि तिथंच नुकसान होतं. तुम्ही आतारी दिलीत, त्यानं एक सोंगटी जोडून गट लांबवला. आता त्याला दोन किंवा तीन श्वास आहेत, तो आधीपेक्षा बळकट आहे, आणि दुसऱ्या बाजूनं आतारी द्यायचा किंवा तिथं तोडायचा तुमचा पर्याय कायमचा गेला. म्हणून आतारी देण्याआधी विचारा: त्यानं जोडल्यावर मला काय मिळालं? उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती आतारी राखून ठेवा. ती कुठे पळत नाही.

मला हे एकदा आमच्याकडच्या एका जुन्या बुद्धिबळपटूंसोबत कॉलेजातली एक मुलगी खेळत असताना फार स्पष्ट दिसलं. काकांनी लागोपाठ तीन आतारी दिल्या.

‘काका, तुम्ही मला भिंत बांधून देताय,’ ती म्हणाली.

‘अगं पण तू सारखी पळतेयस ना!’

‘पळत नाहीये, जोडतेय. आता बघा, तुमची ही मधली सोंगटी कुणाला जोडलीय?’

काका बराच वेळ पटाकडे बघत राहिले. पुढच्या डावात आतारी दिसत असूनही त्यांनी दुसरीकडे खेळी केली, तेव्हा तिनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

दुसरं असं की बुद्धिबळात एकच राजा असतो आणि तो पडला की सगळं संपतं. इथं तसं एक मर्मस्थान नसतं. एका कोपऱ्यात हरूनही डाव जिंकता येतो. दोन सोंगट्या मारल्या जात असतील आणि तेवढ्या वेळात तुम्हाला रिकामा कोपरा मिळत असेल, तर बिनधास्त जाऊ द्या. मारलेली एक सोंगटी साधारण दोन गुणांची, एक ती स्वतः आणि एक तिच्याखालचा बिंदू. रिकाम्या कोपऱ्याची किंमत त्यापेक्षा कितीतरी जास्त. सगळं वाचवायला धावणारा खेळाडू दमतो आणि हरतो.

रोजची कोडी

जगणं-मरणं या विषयावरची कोडी, जपानीत त्सुमेगो, हा गोचा रियाज आहे. मिरजेत राहून रियाज शब्दाचा अर्थ सांगायला नको. एकच साधी गोष्ट, रोज, स्वच्छ.

निवडताना सोपी घ्या. मी सांगतो त्यातलं हे लोकांना सगळ्यांत कमी पटतं, पण यावर मी ठाम आहे. अर्ध्या मिनिटात सुटेल असं कोडं निवडा आणि अशी वीस सोडवा. एका अवघड कोड्यापुढे तासभर बसण्यात अभिमान वाटतो, नजर मात्र तयार होत नाही. नजर तयार होते एकच आकार शंभर वेळा ओळखल्यानं. एक अट आहे: उत्तर मनात पूर्ण झाल्याशिवाय पहिली सोंगटी ठेवायची नाही. अ‍ॅपवर टिचकी मारत मारत कोडं सोडवणं म्हणजे कोडं न सोडवणं.

काही आकार पाठ असू द्या. गटाच्या पोटात सरळ रेषेत तीन रिकामे बिंदू असतील तर मधला बिंदू निर्णायक. तुम्ही तिथं खेळलात तर दोन डोळे, समोरचा खेळला तर गट मेला. सरळ चार बिंदू असतील तर गट जिवंत, समोरचा एका बाजूनं आला की तुम्ही दुसऱ्या बाजूनं भाग करता. चौकोनी चार बिंदू असतील तर गट मेलेला, तुम्ही आधी खेळलात तरी.

आणि कडेचा एक हिशोब. दुसऱ्या रेघेवर तुमच्या सोंगट्यांची सलग रांग आहे आणि दोन्ही टोकांना समोरच्यानं अडवलंय. रांग सहाची असेल तर मेली. सातची असेल तर ज्याची पाळी त्याचं. आठची असेल तर जगली. कारण खालच्या पहिल्या रेघेवर समोरचा प्रत्येक टोकानं आत शिरतो आणि तुम्ही अडवता, त्यात दोन्हीकडचे दोन-दोन बिंदू जातात. आठातून चार गेले की सरळ चार उरतात, आणि सरळ चार जिवंत हे वर आलंच आहे. मांडून बघा, एकदा हातानं केलं की पुन्हा विसरत नाही.

मोठ्या पटावर

९ च्या पटावर तुम्ही आतारीत सापडणं कमी झालं की १३ च्या पटावर थोडे डाव खेळा आणि मग १९ वर या. पहिल्यांदा १९ चा पट फार मोकळा वाटतो. कुठे खेळायचं याचा क्रम पक्का आहे: आधी कोपरे, मग बाजू, मग मध्य. कारण मोजता येतं. नऊ बिंदूंचा चौकोनी मुलूख कोपऱ्यात बंद करायला सहा सोंगट्या लागतात, बाजूला नऊ, मध्यावर बारा. कोपऱ्यात पटाच्या दोन कडा आपलं काम करतात.

कोपऱ्यात पहिली सोंगटी ४-४ किंवा ३-४ वर ठेवा. मग तिसऱ्या आणि चौथ्या रेघेवरून बाजूला पसरा. तिसरी रेघ मुलूख देते, चौथी मध्याकडे जोर देते. दोन्हींचं मिश्रण ठेवा.

२०१६ च्या आधी शिकलेल्यांना इथं एक धक्का बसेल. तेव्हा ४-४ वरच्या सोंगटीखाली, ३-३ वर डावाच्या सुरुवातीलाच शिरणं चूक मानत, कारण बाहेर समोरच्याला जोरदार भिंत मिळते. अल्फागो आणि त्यानंतरच्या प्रोग्रॅमनी ते सुरुवातीलाच खेळायला सुरुवात केली आणि आता मोठे व्यावसायिक खेळाडूही खेळतात. तुम्ही लगेच ते खेळायला पाहिजे असं नाही. पण समोरच्यानं दहाव्या खेळीला ३-३ वर सोंगटी टाकली तर गोंधळू नका. ज्या बाजूला तुमची भिंत जास्त उपयोगी पडेल त्या बाजूनं अडवा, तो दुसऱ्या बाजूनं कोपरा घेईल, तुम्ही बाहेर जोर घ्या आणि पुढे चला.

जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळ्यांचे क्रम, पाठ करण्याची घाई करू नका. पाठ केलेली जोसेकी समोरचा चौथ्याच खेळीला मोडतो आणि मग शिक्षा कशी करायची ते माहीत नसतं. एक-दोन समजून घेतलेल्या पुरेत. त्यापेक्षा डावाच्या मध्यात आपला सर्वांत अशक्त गट कोणता आणि समोरच्याचा कोणता, हे दर थोड्या खेळ्यांनी बघा. आपला अशक्त असेल तर तिथं खेळा. त्याचा असेल तर त्याच्यावर जोर करत करत दुसरीकडे मुलूख करा. मारायलाच हवं असं नाही, पळायला लावलंत तरी पुरे.

शेवटाकडे सीमा पक्क्या करताना सेन्ते आणि गोते एवढं कळावं. ज्या खेळीला समोरच्यानं उत्तर दिलंच पाहिजे ती सेन्ते, त्या आधी खेळून घ्या. ज्यात पुढची पाळी समोरच्याकडे जाते त्या गोते, त्या मोठ्यापासून लहानाकडे.

ऑनलाइन आणि हरलेला डाव

सांगलीत रोज समोर जोडीदार मिळणार नाही, म्हणून ऑनलाइन खेळणं आलंच. सुरुवातीला ओजीएस (ऑनलाइन गो सर्व्हर) हे संकेतस्थळ बरं, ते ब्राउझरमध्ये चालतं, मोफत आहे आणि ९, १३, १९ तिन्ही पट मिळतात. आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहा वाजतात तेव्हा युरोपात संध्याकाळ असते, त्या वेळी खेळाडू भरपूर असतात. ज्यांना सलग वेळ काढता येत नाही त्यांनी पत्रव्यवहारासारखा डाव लावावा, एका खेळीला एक-दोन दिवस. दुकानात गिऱ्हाईक नसताना एक खेळी, रात्री एक खेळी, असंही होतं.

खूप वेगवान डाव टाळा. पाच मिनिटांच्या डावात तुम्ही फक्त सवयीनं खेळता आणि वाईट सवय पक्की होते. निदान प्रत्येकी वीस मिनिटं आणि त्यानंतर ब्योयोमी, म्हणजे वेळ संपल्यावर प्रत्येक खेळीला ठराविक तीस सेकंद वगैरे, असं ठेवा.

खेळाडूचा दर्जा क्यूमध्ये सांगतात. नवखा ३० च्या आसपास, आणि आकडा कमी होत १ क्यूपर्यंत जातो, मग १ दान आणि तिथून वर. दोन खेळाडूंत जितक्या क्यूचा फरक, तितक्या सोंगट्या कमकुवत खेळाडूला मोठ्या पटावर आधी ठेवायला मिळतात, नऊपर्यंत. त्यामुळं शिकलेला आणि नवखा दोघेही जीव लावून खेळू शकतात. या खेळातली ही व्यवस्था मला सगळ्यांत आवडते.

हरलेला डाव त्याच दिवशी पाहा, आणि आधी स्वतः. पहिला प्रश्न: माझा कोणता गट गेला आणि तो कितव्या खेळीला पहिल्यांदा अशक्त झाला? बहुतेक वेळा तो मेला त्याच्या तीस खेळ्या आधीच तोडला गेलेला असतो. तो बिंदू सापडला की कॅटागोसारख्या प्रोग्रॅमकडून पडताळून घ्या. कॅटागो प्रत्येक खेळीला किती गुणांचा फरक पडला ते दाखवतो. त्यातली सगळ्यांत मोठी एक-दोन घसरण घ्या आणि बाकी सोडून द्या. अर्ध्या-एका गुणाच्या चुका या टप्प्यावर तुमच्या नाहीतच. आणि प्रोग्रॅमनं सुचवलेली खेळी तुम्हाला दोन मिनिटांतही कळली नाही, तर तीही सोडा. न कळलेली खेळी पुढच्या डावात उतरत नाही.

जोडीदार तयार करणं

समोरासमोर खेळायचं असेल तर सांगलीत जोडीदार शोधण्यापेक्षा तयार करणं सोपं. वर्गातला मुलगा, शेजारची मुलगी, बुद्धिबळ खेळणारा मित्र, सुट्टीला घरी आलेला भाचा. अमराईत बाकावर छोटा पट उघडून बसलात तरी बघायला कुणीतरी थांबतं. त्यांना आख्खे नियम सांगत बसू नका. ९ च्या पटावर ‘जो आधी पहिली सोंगटी मारेल तो जिंकला’ असा खेळ आधी द्या. यात श्वास आणि आतारी आपोआप कळतात. मग ‘पाच मारेल तो जिंकला’. पाच मारायच्या म्हटल्यावर माणूस आपले गट जोडायला लागतो आणि डोळ्यांचा प्रश्न त्याच्याकडूनच येतो: ‘हे आत शिरून मारता येत नाही का?’ त्या क्षणी दोन डोळे समजावून सांगा. मुलखाची मोजणी त्यानंतर.

मग त्यांना काळ्या चार सोंगट्या आधी ठेवू द्या, तुम्ही पांढरे घ्या. त्यांनी लागोपाठ तीन डाव जिंकले की एक सोंगटी कमी करा. तुम्ही तीन जिंकलात तर एक वाढवा. मुद्दाम हरू नका, लहान मुलांना ते लगेच कळतं. डाव संपल्यावर पट आवरण्याआधी एक जागा तरी दोघांनी मिळून मागे नेऊन बघा, आणि तिथं त्यांनाच विचारा की आता काय खेळशील.